जुनी मिनी बेताने खाली आणताना

१९५९ ते २००० या काळात तयार झालेल्या मूळ मिनी या छोट्या ब्रिटिश मोटारीची उंची थोडी कमी करावी, असे ती विकत घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला पहिल्या काही महिन्यांतच वाटू लागते. इच्छा वाजवी आहे. वीसएक मिलिमीटर खाली बसलेली मिनी वळणावर अधिक ठाम वाटते आणि दिसतेही नेटकी. मात्र या गाडीच्या बाबतीत एक अडचण आहे. तिचे सस्पेंशन रबराचे असून रबर वयानुसार खचत जाते, त्यामुळे बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच मिनी आधीच खाली आलेल्या असतात आणि त्याही चारही चाकांवर निरनिराळ्या प्रमाणात. अशा खचलेल्या गाडीवर उंची कमी करणारे भाग बसवले, तर चाकाला वर-खाली होण्यासाठी जागाच उरत नाही आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट बॉडीला बसतो. म्हणून खाली दिलेल्या क्रमात गाडी खाली आणण्याचे काम बरेच उशिरा येते. आधी तिला तिच्या योग्य उंचीवर आणायचे आणि तिथून मोजून उतरवायचे, एवढाच या लेखाचा आग्रह आहे.

रचना समजून घेणे

अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी ही गाडी आखली तेव्हा तीन मीटरच्या आसपास लांबीत चार माणसे आणि त्यांचे सामान बसवायचे होते. गाडी हलकी असल्याने चार माणसे बसली की एकूण वजनात फार मोठी वाढ होते. इतका फरक साध्या स्प्रिंगने पेलायचा, तर रिकामी गाडी ताठ लागते किंवा भरलेली गाडी बसते. अ‍ॅलेक्स मोल्टन यांनी त्यावर रबरी शंकूचा उपाय दिला. हा शंकू जितका अधिक दाबला जाईल तितका अधिक कडक होत जातो, आणि त्याला जागाही फार कमी लागते. ब्रिटनमध्ये या भागाला सगळे ‘कोन’ म्हणतात, आपणही तोच शब्द वापरू.

पुढच्या बाजूला कोन सबफ्रेमच्या, म्हणजे बॉडीखाली बसवलेल्या धातूच्या चौकटीच्या, मनोऱ्यासारख्या भागात उभा बसतो. त्याच्या खाली ट्रम्पेट नावाचा धातूचा आखूड दांडा असतो, आणि ट्रम्पेटचे खालचे टोक नकल जॉइंट या गोळी-वाटीच्या सांध्यातून वरच्या आर्मवर, म्हणजे चाकाला सबफ्रेमशी जोडणाऱ्या दांड्यावर, टेकते. मागे हीच मांडणी आडवी केलेली आहे. तिथे कोन सबफ्रेमच्या पुढच्या भागात असतो आणि लांब ट्रम्पेट मागे जाऊन रेडियस आर्मला, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या आर्मला, टेकतो. गाडीची उंची ठरते ती कोन आणि ट्रम्पेट यांच्या एकत्रित लांबीवर. ट्रम्पेट आखूड झाला की गाडी खाली येते, कोन खचला तरीही येते.

यातला कळीचा मुद्दा तरफेचा आहे. ट्रम्पेट आर्मला चाकाजवळ टेकत नाही, आर्मच्या खिळीजवळ टेकतो. त्यामुळे ट्रम्पेटच्या लांबीत केलेला छोटा बदल चाकापाशी मोठा होऊन दिसतो. पुढे हे प्रमाण साधारण तिप्पट आणि मागे साधारण पाचपट आहे. म्हणजे गाडी १५ मिलिमीटर खाली आणायची असेल, तर पुढचा ट्रम्पेट सुमारे ५ मिलिमीटर आणि मागचा सुमारे ३ मिलिमीटर आखूड व्हायला हवा. मागच्या बाजूला एका मिलिमीटरची चूक चाकापाशी पाच मिलिमीटर होते, हे लक्षात ठेवले तर पुढच्या कामात हात आपोआप सावध चालतो.

एक अपवाद सुरुवातीलाच सांगतो. १९६४ च्या सप्टेंबरपासून काही वर्षे मिनीच्या सलून आवृत्त्यांमध्ये, म्हणजे वेगळी डिकी असलेल्या नेहमीच्या मोटारींमध्ये, रबरी कोनऐवजी हायड्रोलास्टिक पद्धत होती. तिच्यात प्रत्येक बाजूचे पुढचे आणि मागचे चाक दाबाखालच्या द्रवाने जोडलेले असते. १९६९ मध्ये साध्या सलून पुन्हा कोनवर आल्या, तर कूपर एस या वेगवान आवृत्तीमध्ये ही पद्धत १९७१ पर्यंत टिकली. व्हॅन आणि इस्टेट मात्र सुरुवातीपासून कोनवरच होत्या. आपली गाडी हायड्रोलास्टिक असेल, तर तिचा एकही जोड स्वतः ढिला करू नये. उंचीचे काम त्या द्रवाचा पंप असलेल्या जाणकाराकडूनच करून घ्यावे. पुढील सर्व सूचना कोनवाल्या गाडीसाठी आहेत.

मोजमाप

गाडी सपाट फरशीवर उभी करावी. चारही टायरमध्ये ठरलेली हवा भरावी, टाकीत अर्ध्याच्या आसपास पेट्रोल असावे आणि डिकी रिकामी असावी. गाडी हाताने काही मीटर पुढे-मागे ढकलून, चारही कोपरे दाबून सोडावेत, म्हणजे जॅकवरून उतरलेल्या गाडीची चाके ज्या तिरप्या स्थितीत अडकून राहतात त्या स्थितीतून मोकळी होतात. त्यानंतर प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून त्याच्या थेट वर असलेल्या कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. जमिनीपासून कमानीपर्यंत मोजण्याची सवय असेल तर ती इथे सोडावी, कारण टायरचा आकार आणि झीज त्या मापात मिसळते. जुन्या मिनीच्या कमानी गंजामुळे अनेकदा नव्याने जोडलेल्या असतात आणि जोडणाऱ्याने त्या कारखान्याच्या मापानेच जोडल्या असतील याची खात्री देता येत नाही. म्हणून दोन्ही बाजूंच्या सबफ्रेमची जमिनीपासूनची उंचीही एकदा पाहून घ्यावी. कमानीच्या मापात फरक दिसला आणि सबफ्रेमच्या मापात दिसला नाही, तर दोष पत्र्याचा आहे, सस्पेंशनचा नाही.

एका बाजूला दहा मिलिमीटरपेक्षा अधिक फरक असेल, चालकाची बाजू स्पष्ट खाली दिसत असेल किंवा लहानशा उंचवट्यावरही गाडी टणक आदळत असेल, तर कोन संपले असे समजावे. कोन बाहेर काढल्यावर ते चपटे झालेले दिसतात आणि रबराला भेगा पडलेल्या असतात. अशा वेळी चारही कोन एकदम बदलावेत. दोनच बदलून पैसे वाचवण्याचा मोह होतो, पण नवे रबर आणि जुने रबर एका गाडीत समान वागत नाही.

कोन बदलले की गाडी एकदम उंच होते. इतकी, की नवख्या माणसाला आपण काही चुकीचे बसवले असे वाटावे. नवे रबर पहिल्या काही आठवड्यांत भराभर आणि पुढचे काही महिने हळूहळू बसत जाते, आणि या काळात गाडी वीस-पंचवीस मिलिमीटर सहज खाली येते. म्हणून नव्या कोनवर पहिल्याच दिवशी अंतिम उंची ठरवू नये. माझे स्पष्ट मत असे, की कोन नवे असतील तर आधी गाडी तशीच चालवावी. पुष्कळांना काही महिन्यांनी लक्षात येते की जी उंची हवी होती ती गाडीने स्वतःहूनच गाठली आहे.

किती खाली

रस्त्यावर चालवायच्या मिनीसाठी योग्य मूळ उंचीपेक्षा २० ते २५ मिलिमीटर खाली ही मर्यादा पुरेशी आहे. त्याखाली गेल्यास मिळण्यापेक्षा गमावणेच अधिक, कारण शंकूचा वाढत जाणारा कडकपणा काम करू शकेल एवढी हालचाल उरत नाही. मिनीच्या कट्टर चाहत्यांना १९६४, १९६५ आणि १९६७ च्या मोन्टे कार्लो रॅली जिंकलेल्या कूपर एस गाड्या आठवतात आणि त्या जमिनीला चिकटलेल्या होत्या असे वाटते. रॅलीच्या गाडीला बर्फ आणि दगड ओलांडायचे असतात, तिला जमिनीपासून अंतर लागतेच. जमिनीला चिकटणाऱ्या मिनी असतात त्या बंदिस्त सर्किटवरच्या.

पुढचा भाग मागच्यापेक्षा थोडा खाली ठेवावा. मागे माणसे बसली की शेपटी दबते, म्हणून रिकामी असताना अगदी सपाट दिसणारी मिनी भरल्यावर नाक वर करून चालते आणि तिचे दिवे समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातात.

चाकांचाही विचार आधीच करावा. १९८४ पर्यंत मिनीला साधारणतः १० इंची चाके होती, त्या वर्षी १२ इंची आली, आणि अखेरच्या वर्षांत काही गाड्यांना १३ इंची रुंद चाके मिळाली. रुंद टायर असलेल्या गाडीत मागचे टायर कमानीच्या आतल्या कडेला आणि पुढचे टायर पूर्ण वळवल्यावर पत्र्याच्या जोडाला घासतात की नाही, हे सध्याच्या उंचीवरच पाहून घ्यावे. आत्ताच बोटभर जागा नसेल, तर खाली आणल्यावर ती कुठून येणार?

साहित्य

ट्रम्पेट आखूड करण्याचे दोन मार्ग आहेत. जुना मार्ग म्हणजे मूळ ट्रम्पेट लेथवर कापून घेणे. तो स्वस्त आहे, पण एकदा कापलेला ट्रम्पेट पुन्हा वाढत नाही, आणि रबर आणखी बसले की गाडी ठरवल्यापेक्षा खाली जाते. दुसरा मार्ग म्हणजे आटे पाडलेले, लांबी कमी-जास्त करता येणारे ट्रम्पेट. ब्रिटनमध्ये ते ‘हाय-लो’ या नावाने मिळतात. नवख्याने डोळे मिटून हेच घ्यावेत. रबराच्या जागी स्टीलची गुंडाळी स्प्रिंग बसवण्याचे संचही मिळतात, काहींना त्यांची मऊ चाल आवडते. मला मात्र मिनीतून रबर काढले की तिचे वागणेच परके वाटते, आणि उंची कमी करण्यासाठी त्याची गरजही नाही.

ट्रम्पेटबरोबर चार नकल जॉइंट, त्यांच्या प्लास्टिकच्या वाट्या आणि धूळ अडवणारी रबरी टोपणे नवी घ्यावीत. किंमत थोडी असते आणि ते भाग तेव्हा हातात आलेलेच असतात. शॉक अ‍ॅब्सॉर्बर सुस्थितीत असतील तर वीसएक मिलिमीटरच्या उतारासाठी मूळ लांबीचे चालतात. मात्र त्यापेक्षा फार खाली जाणाऱ्यांनी आखूड शॉक अ‍ॅब्सॉर्बर घेतलेच पाहिजेत. चाक हवेत लटकले की मागचा आर्म किती खाली जाईल हे शॉक अ‍ॅब्सॉर्बरची लांबी ठरवते. ट्रम्पेट खूप आखूड आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर लांब असेल, तर नकलची गोळी वाटीतून निसटते आणि गाडी जमिनीवर आल्यावर ती जागेवर परत बसेलच असे नाही.

पुढच्या बाजूसाठी कोन दाबून धरणारे खास हत्यार लागते. ते भाड्यानेही मिळते. जुन्या गाड्यांच्या कोनमधील आटे इंची मापाचे आणि नंतरच्या गाड्यांचे मेट्रिक आहेत, तेव्हा आपल्या कोनला बसणारा स्क्रू त्या हत्यारासोबत आहे ना, हे आधी तपासावे. याशिवाय ट्रॉली जॅक, चार मजबूत अ‍ॅक्सल स्टँड, चाकांना लावायच्या उटी, टॉर्क पाना आणि गंज सोडवणारे तेल. नट-बोल्टवर ते तेल कामाच्या आदल्या दिवशी फवारून ठेवलेले उत्तम.

मागची बाजू

सुरुवात मागून करावी, कारण तिथे कोन दाबण्याचे हत्यार लागत नाही. पुढच्या चाकांना उटी लावून, मागचा भाग जॅकने उचलून सबफ्रेमखाली स्टँड लावावेत. मिनीची मागची सबफ्रेम गंजासाठी कुप्रसिद्ध आहे. स्टँड लावण्याआधी ती स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावी, आणि आवाज बद्द आला किंवा पापुद्रे पडले तर उंचीचे काम तिथेच थांबवून सबफ्रेमकडे लक्ष द्यावे. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातही घालू नये.

चाक काढल्यावर रेडियस आर्मला जॅकचा हलका आधार द्यावा आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा खालचा नट सोडवावा. वरचा नट सोडवण्याची गरज नाही, ही आनंदाची गोष्ट आहे, कारण सलूनमध्ये डाव्या बाजूचा वरचा नट पेट्रोलच्या टाकीआड असतो आणि त्यासाठी टाकी सरकवावी लागते. आता जॅक सावकाश उतरवत आर्म खाली येऊ द्यावा. या वेळी ब्रेकच्या रबरी नळीवर लक्ष ठेवावे, ती ताणली जाता कामा नये. हँडब्रेकची केबल आर्मवरच्या ज्या वळणावर फिरते तो भाग बहुधा गंजून जाम झालेला असतो, तोही याच वेळी मोकळा करून ग्रीस लावावे.

आर्म पुरेसा खाली आला की ट्रम्पेट कोनच्या दिशेने थोडा दाबून नकलसकट बाहेर काढता येतो. जुना ट्रम्पेट आणि नवा शेजारी ठेवून लांबी मोजावी. नवा ट्रम्पेट आधी जुन्याच्या लांबीइतका करावा आणि मग हिशोबाने येणारे मिलिमीटर कमी करावेत. डबीवर छापलेल्या आकड्यावर किंवा डोळ्याच्या अंदाजावर विसंबू नये. आट्यांना भरपूर ग्रीस किंवा तांबेयुक्त लेप लावावा. ब्रिटनच्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात आणि अ‍ॅल्युमिनियमचे आटे एका हिवाळ्यात जाम होऊ शकतात. नकलच्या वाटीतही ग्रीस भरावे, कोरडी वाटी कुरकुरते. गोळी वाटीत पूर्ण बसली आहे हे बोटाने चाचपून मगच आर्म वर उचलावा आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर जोडावा. दुसऱ्या बाजूला नेमकी तीच लांबी ठेवावी.

चाक काढलेलेच आहे, तर आर्मला वर-खाली आणि आत-बाहेर हलवून पाहावे. रेडियस आर्मच्या बेअरिंग झिजल्या असतील तर मागचे चाक वरून आत झुकलेले दिसते. पुष्कळ जण त्या झुकावाला गाडी खाली आणल्याचा परिणाम समजून समाधान मानतात, ती खरे तर दुरुस्तीची खूण असते.

पुढची बाजू

पुढे काम अवघड आहे, कारण चाक लटकले तरी कोन पूर्ण मोकळा होत नाही. वरच्या आर्मखालचा रबरी ठोकळा आर्मला एका मर्यादेपलीकडे खाली जाऊ देत नाही आणि तोवर कोन दाबलेलाच राहतो. त्यात साठलेला जोर हात मोडण्याइतका असतो. या टप्प्यावर आत्मविश्वास नसेल, तर सोबतीला आधी हे काम केलेला माणूस बोलवावा.

पुढचा भाग स्टँडवर घेऊन चाक काढावे. बॉनेट उघडून सबफ्रेमच्या मनोऱ्यावरचा मोठा बोल्ट, किंवा जुन्या गाडीत दोन बोल्टची पट्टी, काढली की खाली कोनच्या मध्यातले आटे दिसतात. हत्याराचा स्क्रू त्यात हाताने पुरेसा खोल फिरवावा. दोन-तीन फेऱ्यांवर भागवून नट आवळायला घेतला, तर आटे उपटले जाऊन जोर एकदम सुटतो. स्क्रू नीट बसल्यावर नट आवळत कोन वर खेचावा, ट्रम्पेट हाताने फिरू लागेल एवढाच. त्यानंतर शॉक अ‍ॅब्सॉर्बर वरच्या आर्मपासून सोडवावा, आर्मखालचा रबरी ठोकळा काढावा, आर्म खाली दाबावा आणि ट्रम्पेट बाहेर घ्यावा. मापे, ग्रीस आणि नकलची तपासणी मागच्याप्रमाणेच. बसवताना ठोकळा परत लावायला विसरू नये. कोन सोडताना ट्रम्पेटचे वरचे टोक त्याच्या जागी सरळ बसते आहे हे पाहत नट हळूहळू ढिला करावा.

जमिनीवर आल्यावर

गाडी खाली घेऊन, थोडे अंतर चालवून, सुरुवातीच्याच पद्धतीने चारही मापे पुन्हा घ्यावीत. पाच मिलिमीटरच्या आतला फरक असेल तर तो लगेच सुधारायला जाऊ नये, रबर स्थिरावण्यासाठी दोन-तीनशे मैल द्यावेत आणि मग चाक लटकते ठेवून ट्रम्पेटच्या आट्यांवर पान्याने दुरुस्ती करावी. लॉकनट असलेल्या प्रकारात तो शेवटी आवळावा.

उंची बदलली की चाकांची दिशा आणि झुकावही बदलतात. मूळ मापानुसार पुढची चाके सुमारे १.६ मिलिमीटर बाहेर उघडलेली आणि मागची सुमारे ३.२ मिलिमीटर आत वळलेली असतात. पुढच्या चाकांना कारखान्यातून वरच्या बाजूला दोनेक अंशांचा बाहेरचा झुकाव दिलेला असतो, तो गाडी खाली आल्याने थोडा कमी होतो, आणि रस्त्यावर ते फायद्याचेच ठरते. पुढच्या चाकांची दिशा मात्र जुळवून घ्यावीच लागते, नाहीतर टायर काही महिन्यांत एका कडेने खाऊन जातात. हेडलाइटचा झोतही त्याच दिवशी तपासावा. सायलेन्सरचा पाइप आणि इंजिनाखालची गिअरबॉक्स हे मिनीचे सर्वांत खालचे भाग आहेत, ते गतिरोधकावर टेकतात का, हे चार माणसे बसवून पाहावे.

ब्रिटनमध्ये हा बदल विमा कंपनीला कळवणे आवश्यक आहे. न कळवल्यास अपघातानंतर दावा नाकारला जाऊ शकतो. चाळीस वर्षांहून जुन्या आणि मोठे फेरफार न झालेल्या गाड्यांना २०१८ पासून वार्षिक एमओटी तपासणी सक्तीची नाही, तरी अशा कामानंतर ती स्वेच्छेने करून घ्यावी. भारतातल्या मोजक्या मिनीधारकांनी मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ लक्षात ठेवावे. नोंदणी प्रमाणपत्रावरील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असे फेरफार त्याने मना केले आहेत. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची असेल, तर गाडी मूळ स्वरूपात असणे अपेक्षित असते. आटेवाल्या ट्रम्पेटमुळे चासी किंवा बॉडी कापावी लागत नाही. काढलेले जुने ट्रम्पेट पुसून, तेल लावून, कोणता कोणत्या बाजूचा ते लिहून जपून ठेवावेत, म्हणजे हवे तेव्हा गाडी मूळ स्थितीत आणता येते.

महिनाभराने चारही चाके पुन्हा एकदा लटकती करून नकलच्या गोळ्या वाटीत आहेत का, ते पाहावे. पुढच्या मनोऱ्यावरचे बोल्ट आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे नट त्याच वेळी टॉर्क पान्याने तपासावेत, आणि नवी मापे जुन्या मापांच्या शेजारी लिहून ठेवावीत.